जागा सोडण्याचे पैसे

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला घरमालक पहिल्यांदा माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या हातात मालमत्ता पत्रक असतं आणि तोंडात एकच प्रश्न: "मॅडम, यांना काढायला किती वर्षं लागतील?" भाडेकरू येतो तेव्हा त्याच्या पिशवीत भाडेपावत्या असतात. तोही तेच विचारतो, फक्त उलटीकडून: "आम्हाला काढता येतं का?" गुलमंडी, औरंगपुरा, दलालवाडी, राजाबाजार, वाडा कुठलाही असो, सुरुवात इथूनच होते. अदालत रोडवरच्या कोर्टात भाड्याचे दावे चालवता चालवता माझं बरंचसं काम आता कोर्टाच्या बाहेर होतं. भाडेकरूनं जागा सोडायची ती किती पैसे घेऊन, कधी, आणि सोडून कुठे जायचं, हे दोन्ही बाजूंना बसवून ठरवायचं.

या कामात एका गोष्टीवर मी हटत नाही. जागा सोडण्याचे पैसे हा उपकार नाही आणि ती खंडणीही नाही. भाडेकरूजवळ कायद्यानं दिलेला एक हक्क आहे, तो मालकाला हवा आहे, आणि ही त्याची किंमत आहे. मालकानं हे समोरासमोर, स्वतःच्या तोंडानं मान्य करेपर्यंत मी पहिली बैठकसुद्धा ठरवत नाही. माझ्या पाहण्यात जे व्यवहार मोडले त्यातले बरेचसे रकमेवरून मोडले नाहीत. "इतकी वर्षं फुकटात राहिलात" हे एक वाक्य बैठकीत कुणाच्या तरी तोंडून निघालं आणि समोरचा माणूस उठून गेला.

हा हक्क आमच्याकडे आला तो वेगळ्या वाटेनं. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आलेला. मुंबई-पुण्याला 1947 चा बॉम्बे रेंट ॲक्ट, विदर्भाला 1949 चा स्वतंत्र भाडेनियंत्रण आदेश, आणि आम्हाला 1954 चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा. 1956 ला आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी भाड्याच्या बाबतीत आमच्याकडे हैदराबादचाच कायदा चालू होता, आणि खटले दिवाणी कोर्टाऐवजी रेंट कंट्रोलरपुढे चालायचे. सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला तो 31 मार्च 2000 पासून. त्यामुळे इथल्या जुन्या फायलींमध्ये अजूनही दोन-दोन कायद्यांचे कागद एकत्र बांधलेले सापडतात, आणि त्याहून जुन्या पावत्यांवर भाडं हाली सिक्क्यात लिहिलेलं दिसतं. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, हा हिशेब ज्यांनी प्रत्यक्ष केला ती पिढी आता जवळजवळ संपली. पण त्यांनी घेतलेल्या खोल्यांमध्ये त्यांचे नातू राहतात.

आजच्या कायद्याचं सार मी दोन्ही बाजूंना एकाच भाषेत सांगते. भाडेकरू कायदेशीर भाडं देतोय आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळतोय, तोवर त्याला हलवता येत नाही. हलवायचं तर कलम 16 मधलं एखादं कारण पुराव्यानं सिद्ध करावं लागतं: मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणं, अशी. स्वतःची गरज सिद्ध केली तरी कोर्ट विचारतं की जास्त अडचण कुणाची होईल. सिव्हिल जज्ज, मग जिल्हा न्यायालयात अपील, मग हायकोर्टाचं खंडपीठ. या वाटेनं गेलेल्या दाव्यात मूळ वादी आणि मूळ प्रतिवादी दोघंही वारले, वारस रेकॉर्डवर आले आणि दावा चालूच राहिला, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

मग उरते तडजोड. तिच्याबद्दल गावात अजून एक भीती आहे, की हे पैसे म्हणजे पागडी आणि पागडी म्हणजे गुन्हा. बॉम्बे रेंट ॲक्ट जिथे लागू होता तिथे ते खरं होतं. 1999 च्या कायद्याच्या कलम 56 नं मात्र भाडेकरूनं भाडेहक्क सोडण्यासाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी पैसे घेणं कायदेशीर केलं, आणि नवा भाडेपट्टा करताना किंवा हस्तांतराला संमती देताना मालकानं पैसे घेणंही. म्हणजे हा व्यवहार चेकनं, दस्त करून, उजेडात करता येतो. तरीही रात्री पिशवीतून रोकड आणून देणारे मालक आणि ती मोजून घेणारे भाडेकरू आजही भेटतात, आणि वर्षभरानं त्यांच्यातला एक जण माझ्यासमोर बसलेला असतो. कागद काहीच नाही, पैसे गेले आणि ताबा मिळाला नाही. नाहीतर ताबा गेला आणि पैसे आले नाहीत.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या एका वाड्याचं सांगते. पुढे रस्त्याला लागून वह्या-पुस्तकांचं दुकान, आत चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना चार बिऱ्हाडं. दगड, वीट, चुना, सागवानी खांब आणि वर माळवद. ज्यांनी माळवदाखाली पावसाळे काढले नाहीत त्यांना सांगायला हवं: दर वर्षी मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकून ती चोपून बसवावी लागते, नाहीतर जुलैत घरातली सगळी भांडी गळतीखाली लागतात. माती टाकायची कुणी, यावर या वाड्यात मालक आणि भाडेकरूंची भांडणं झालेली होती. मालकाचं म्हणणं, राहणाऱ्यानं टाकावी. भाडेकरूंचं म्हणणं, घर ज्याचं त्यानं टाकावी. शेवटी काही वर्षं कुणीच टाकली नाही आणि एका कोपऱ्यातली तुळई वाकली.

मालक म्हणजे तीन भाऊ. थोरले गावात, एक पुण्यात, एक परदेशी. थोरल्यांना मी आधी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, ही जागा कुठल्या देवस्थानाची किंवा वक्फची तर नाही ना? आमच्या गावात हा प्रश्न आधी विचारावा लागतो. वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय इथेच पाणचक्कीला आहे आणि जुन्या शहरात वक्फच्या मिळकती पुष्कळ. तिथे केलेला खरेदी-विक्रीचा कागद रद्दबातल ठरतो. देवस्थान असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. इथे तसं काही नव्हतं. दुसरा प्रश्न, बहीण आहे का? जरा थांबून ते म्हणाले, "आहे, जालन्याला. पण तिचं काही म्हणणं नाही." मी म्हटलं, तिचं म्हणणं नाही हे तिनं येऊन सांगावं. ती आली. तिचं म्हणणं होतं. पुढचे सगळे कागद चार सह्यांनी झाले, आणि मला वाटतं व्यवहार टिकला तो त्यामुळे. ताबा निघाल्यावर एखादा वारस उगवतो तेव्हा घरदार सोडून गेलेल्या भाडेकरूचाच पहिला बळी जातो.

थोरल्या भावाचा राग मला समजत होता. मागच्या खोल्यांचं भाडं महिना दीडशे रुपये. 1 ऑक्टोबर 1987 ला जे भाडं होतं त्यावर पाच टक्के, आणि नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ. ती वाढसुद्धा यांनी कधी मागितली नव्हती, कारण मागितली की पुन्हा बोलाचाली. महापालिकेचा मालमत्ता कर सगळ्या भाड्यांच्या बेरजेहून जास्त. त्यांच्या आईचं म्हातारपण त्याच वाड्यात अंधाऱ्या माजघरात गेलं. पडवीतली चांगली खोली भाडेकरूकडे होती. गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायाचं झालं हे सर्वोच्च न्यायालयानंही बॉम्बे रेंट ॲक्टच्या संदर्भात 1997 साली म्हटलेलं आहे. तेव्हा मालक म्हणजे लबाड आणि भाडेकरू म्हणजे गरीब बिचारा, अशी वाटणी मी करत नाही. पण त्या अन्यायाची भरपाई चौकातला नळ तोडून करता येणार नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांतलं काही तोडलं तर कलम 29 खाली तो गुन्हा होतो.

त्यांना कुणीतरी आणखी एक युक्ती सांगितली होती. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका मोडकळीला आलेल्या घरांना कलम 264 खाली नोटिसा काढते. तशी एक नोटीस काढवून घ्या, वाडा पाडून टाका, भाडेकरू आपोआप संपले. हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. इमारत पडली तरी भाडेहक्क संपत नाही, तो जमिनीवर शिल्लक राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगून ठेवलं आहे. घर खरोखरच धोक्याचं असेल तर माणसं बाहेर काढलीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण माणसं काढायची म्हणून घर धोक्याचं ठरवायचं असेल, तर ते वकीलपत्र मी घेत नाही.

रक्कम कशी ठरते, हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं असतं. रेडी रेकनर उघडून टक्के काढून देणारे दलाल गुलमंडीवर पुष्कळ आहेत. माझी रीत वेगळी आहे. वाडा आहे तसा, भाडेकरूंसकट विकला तर काय येतील? तोच रिकामा करून विकला तर काय येतील? या दोन आकड्यांमधला जो फरक, तो भाडेकरूंच्या हक्कामुळेच पडलेला आहे. वाटाघाट त्या फरकाची. हा हिशेब थोरल्या भावासमोर कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण आपल्या खिशातून देत नाही." बरोबर. पडून राहिलेली किंमत मोकळी होते आणि ती ज्यांच्यामुळे मोकळी होते त्यांना त्यातला वाटा जातो.

दुसऱ्या टोकाचा हिशेब भाडेकरूच्या घरात बसून करावा लागतो. तिथे मी पहिल्या भेटीत रकमेचा विषय काढत नाही. आधी विचारते, कुठे जाल? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याला कितीही रक्कम सांगा, ती कमीच वाटणार. आणि वाटायलाच पाहिजे, कारण त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं घरच नाही.

चौकाच्या डाव्या बाजूला एक टेलरमास्तर होते. वडिलांपासूनची खोली. दिवसा शिलाई, रात्री तिथेच झोपणं. मी बसल्याबरोबर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, पैसे का बाद में देखेंगे. पहले ये बताओ, मशीन कहाँ लगाऊँ?" सगळा प्रश्न या एका वाक्यात होता. त्यांचं गिऱ्हाईक पायी येणारं, त्यांचा एक पाय अधू, म्हणून जागा तळमजल्यावरच पाहिजे, आणि शहागंजपासून लांब चालणार नाही. रोकड घेऊन ते पडेगावला फ्लॅट घेऊ शकले असते, पण तिथे त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला कोण गेलं असतं? नवाबपुऱ्यात तळमजल्याची एक खोली भाड्यानं मिळेपर्यंत मी रकमेचा विषय काढलाच नाही. ती खोली मिळाल्यावर डिपॉझिट, तिथलं काही वर्षांचं भाडं, नवी वायरिंग आणि गिऱ्हाईक पुन्हा बसेपर्यंतचा खर्च अशी बेरीज आम्ही त्यांच्याच मापाच्या वहीच्या मागच्या पानावर केली. तो आकडा फरकाच्या वाट्यात बसत होता. त्या दिवशीच बोलणं पक्कं झालं.

पुढच्या दुकानाचं याच्या उलट. दुकान चालवणाऱ्या दोघा भावांना पैसे नकोच होते. औरंगपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पुस्तकं घ्यायला येणारी माणसं दुकानाची पाटी वाचत नाहीत, पाय आपसूक तिकडे वळतात. त्यांना वाडा घेणारा बिल्डर बांधणार होता त्या नव्या इमारतीत त्याच जागी, तेवढाच दर्शनी भाग असलेला, रोडटच गाळा हवा होता. मागणी रास्त होती. पण इथे भाडेकरूंना बहुधा माहीत नसलेला एक खड्डा आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत गाळे असलेल्या प्रकल्पाला रेराच्या नोंदणीतून सूट आहे, आणि जुन्या शहरातले वाडे बहुतेक त्यातच बसतात. म्हणजे बिल्डर अर्ध्यावर सोडून गेला तर हातात फक्त आपला करार. तो करार मग दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच पाहिजे, त्याला गाळ्याची जागा दाखवणारा नकाशा जोडलेला पाहिजे, मधल्या काळाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधी हातात पाहिजेत, आणि ठरल्या तारखेला गाळा मिळाला नाही तर बाजारभावानं पैसे, हे कलम त्यात पाहिजे. बिल्डर या कलमावर अडला. दुकानदार मला म्हणाले, "सोडा ना मॅडम, माणूस ओळखीचा आहे." मी सोडलं नाही. भावांनी स्वतःची एकच अट घातली, ताबा ऑगस्टमध्ये. जून-जुलैचा सीझन हातचा गेला तर वर्षच गेलं. बिल्डरला तीन महिने थांबावं लागलं आणि तो थांबला.

सर्वांत जास्त ताणाताण झाली ती कुलूपबंद खोलीवरून. तिचे भाडेकरू केव्हाच सिडकोत स्वतःच्या घरात राहायला गेले होते आणि भाडं मात्र दर महिन्याला मनीऑर्डरनं पाठवत होते. थोरले भाऊ म्हणाले, याला एक रुपया देणार नाही, याच्यावर दावा टाका. कायद्यानं त्यांची बाजू भक्कम होती. वीजबिलावर महिनोन्‌महिने शून्य युनिट, शेजाऱ्यांच्या साक्षी. तरी मी दावा टाकायच्या विरुद्ध होते. एका खोलीचा दावा म्हणजे अख्खा वाडा थांबला, आणि बाकीच्यांशी झालेली बोलणी शिळी झाली. बाकीच्या बिऱ्हाडांनाही हे पटेना. रोज राहणारा आणि कुलूप लावून गेलेला, दोघांना सारखे कसे? सारखे नाहीच. म्हणून मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं: वाटा काढायची रीत सर्वांना एक, पण प्रत्यक्ष राहणाऱ्याला नव्या घराचा खर्च वेगळा मिळेल. त्या गृहस्थांना दुसरा भाग मिळाला नाही. ते खूप बोलले, मालकांनाही आणि मलाही. पण कुणालाही लपूनछपून जास्त दिलेलं नाही हे त्यांना कागदावर दिसत होतं, आणि शेवटी त्यांनी सही केली. गुपचूप एकाला जास्त द्यायचं आणि तोंड बंद ठेवायला सांगायचं, ही जी सर्रास चाल आहे, ती वाड्यात दोन दिवसही टिकत नाही. चौक एकच, नळ एकच, सगळ्यांना सगळं कळतं.

आता आजींचं. उजव्या बाजूच्या दोन खोल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, यजमान वारलेले, मोठा मुलगा वाळूजला कंपनीत, धाकटा पुण्याला. खोल्या सासऱ्यांनी घेतलेल्या. भाडेकरू वारला तर राहत्या जागेत त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो, त्या न्यायानं भाडेकरू त्याच होत्या. मुलांशी बोलणी करून मालक मोकळे होऊ बघत होते. मी म्हटलं, बोलणी यांच्याशी.

त्यांनी खाटेखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत वर्षावर्षाच्या पावत्या दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या. तळाच्या गठ्ठ्यात सासऱ्यांच्या नावाची, मोडीवळणाच्या अक्षरातली, हाली रुपयातली पावती. मध्ये एका वर्षी मालकाच्या वडिलांनी भाडं घ्यायला नकार दिला होता. त्या वर्षाच्या परत आलेल्या मनीऑर्डरींची कुपनंसुद्धा जपलेली. मी एकेक गठ्ठा बघत होते आणि त्या म्हणाल्या, "एक महिना चुकला नाही बघा. यांची नोकरी सुटली होती तेव्हापण नाही. हे लोक गल्लीत सांगतेत, फुकट राहिली म्हणून. पैशाचं तुम्ही ठरवा, पण हे तेवढं त्यांना लिहून द्यायला लावा."

तसं मी लिहिलं. भाडेहक्क सोडल्याच्या दस्तात मागची हकिकत सांगणारे परिच्छेद असतात, त्यात एक जास्तीचा घातला: भाडेकरू व त्यांच्या पूर्वहक्कदारांनी आजपावेतो भाडे नियमितपणे अदा केलेले असून त्यांच्याकडे कोणतीही बाकी नाही आणि कधीही नव्हती. मसुदा वाचताना थोरले भाऊ या वाक्यावर थांबले. "कधीही नव्हती" हे कशाला, असं त्यांनी विचारलं. मी डबा दाखवला. हाली रुपयाची पावती त्यांनी हातात घेतली, खालची सही आजोबांची आहे हे ओळखलं, आणि मसुद्यावर सही केली. त्यानंतर आजींशी रकमेवर जे बोलणं झालं ते फार लांबलं नाही. त्यांनी पाण्याबद्दल मात्र बारीक चौकशी केली. आमच्या गावात घर बघताना खोल्या नंतर मोजतात, आधी पाण्याचा वार विचारतात. पैठणला नाथसागर भरलेला असला तरी नळाला पाणी काही दिवसांआड येणार, हे इथे जन्मल्यापासून अंगवळणी पडलेलं. वाड्यात निदान आड होता. शहराच्या सातारा परिसरात स्वस्तातला फ्लॅट मुलांनी पाहून ठेवला होता, तिथे टँकर. आजींनी तो नाकारला. गारखेड्यात एका जुन्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर, खाली मोठी टाकी असलेला लहान फ्लॅट त्यांना पटला. त्याची किंमत मुलांच्या हिशेबापेक्षा जास्त निघाली, तेव्हा मी मालकांकडे पुन्हा गेले आणि फरकाचा कागद पुन्हा उघडला.

ताब्याचा दिवस मी नेहमी कागदावर मिनिटामिनिटानं बसवते. सहीच्या वेळी दहावा हिस्सा. बाकीचे डिमांड ड्राफ्ट दोन्ही बाजूंना चालेल अशा माणसाकडे. इथे गल्लीतलेच एक निवृत्त बँक मॅनेजर होते. सामान निघालं, खोल्यांचे फोटो झाले, महावितरणचं शेवटचं बिल भरलं, किल्ली मालकाच्या हातात, ड्राफ्ट भाडेकरूच्या हातात, आणि ताबापावतीवर दोघांच्या सह्या, साक्षीदार शेजारी. आधार, रेशनकार्ड, मतदारयादी, गॅस यांवरचे पत्ते बदलेपर्यंत वाड्याच्या पत्त्यावर आलेलं टपाल मालकानं पोहोचवायचं, हेही मी लिहून घेते. आधीच दावा चालू असेल तर मी तडजोड लोकअदालतीत ठेवते. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते.

आजींच्या बाबतीत एक काम उरलं होतं. भाडेहक्क सोडून आलेले पैसे हा भांडवली नफा धरला जातो, हे बहुतेक भाडेकरूंना वर्षअखेरीस नोटीस आल्यावरच कळतं. करसल्लागारानं सांगितलं की ही रक्कम ठरल्या मुदतीत राहत्या घरात गुंतवली तर प्राप्तिकराच्या कलम 54 एफ खाली सूट मिळते, मात्र घर आजींच्या स्वतःच्या नावावर घेतलं तरच पुढे वाद उरणार नाही. मुलांनी फ्लॅट दोघांच्या नावावर करायचं ठरवलं होतं. आईचं वय झालंय, पुन्हा कोण कागद करत बसणार, असं त्यांचं म्हणणं. मी दोघांना आईसमोर बसवून कराचा आकडा सांगितला. मोठा लगेच तयार झाला. धाकटा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मालकांच्या वकील, आमच्या घरात कशाला पडता?" मी म्हटलं, मालकांची फी घेतली आहे ती तुमच्या आईचा व्यवहार नीट पूर्ण करण्यासाठी, आणि तो अजून पूर्ण झालेला नाही.

सासऱ्यांच्या नावाची पावती, मग नवऱ्याच्या नावाची, आणि गेल्या काही वर्षांत "कै. अमुक यांच्या पत्नी" अशी. गारखेड्याच्या फ्लॅटच्या इंडेक्स टू वर खरेदी घेणार म्हणून एकच नाव आहे आणि ते आजींचं आहे. धाकटा मुलगा माझ्यावर अजून नाराज आहे. निराला बाजारात समोरून आला की दुसरीकडे बघतो.